गिरगाव ते बातुमी: मराठी मुलींची बुद्धिबळातली पन्नास वर्षं

बुद्धिबळाचा पट मराठी घरांना कधीच परका नव्हता. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके, राजाला मात्र डावात एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची समजली जाई. डाव रंगे तो पारावर, वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात, म्हणजे चार पुरुष बसत तिथे. बाईला मोहरी ओळखता येत नव्हती असं नाही. सासऱ्याबरोबर, भावाबरोबर घरात ती एखादा डाव खेळेही. पण पारावर बसून दोन तास पटात डोकं घालायला तिला ना सवड होती, ना मुभा. पुढे जे घडलं त्याची सुरुवात या साध्या गोष्टीपासून करायला हवी.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरूला झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे तिथे डी. वेंकय्यांसह संयुक्त विजेते ठरले. खेळ आता आंतरराष्ट्रीय नियमांनी, घड्याळ लावून होऊ लागला. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि वर्षानुवर्षं स्पर्धा भरवून देशभरचे खेळाडू त्या गावात आणले. एवढं सगळं होत असताना महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७४ साल उजाडावं लागलं. एलुरूनंतर तब्बल एकोणीस वर्षं.

जगात तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. महिलांचं जगज्जेतेपद १९२७ मध्ये लंडनला सुरू झालं आणि व्हेरा मेन्चिक एकविसाव्या वर्षी पहिली जगज्जेती झाली. १९६२ मध्ये जॉर्जियाच्या नोना गाप्रिन्दाश्विलीनं तो किताब घेतला, तिचंही वय एकवीसच होतं. १९७८ मध्ये जॉर्जियाचीच माया चिबुर्दानिद्झे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. काळ्या समुद्राकाठच्या त्या छोट्याशा प्रदेशात मुलींना बुद्धिबळ शिकवणं ही रीतच होऊन बसली होती. शाळा होती, प्रशिक्षक होते, स्पर्धा होत्या आणि जिंकलेल्या मुलीला गाव डोक्यावर घेई. लहान वयात जगज्जेतेपद मिळवणाऱ्या खेळाडूंच्या गोष्टी आपण दैवी प्रतिभेच्या म्हणून सांगतो. प्रतिभा असतेच, पण त्या मुलीला कितव्या वर्षी पट मिळाला, कितव्या वर्षी गुरू मिळाला आणि खेळायला स्पर्धा किती मिळाल्या, हे बघितल्याशिवाय ती गोष्ट अर्धीच राहते.

मराठी मुलखात हे सगळं एका घरानं आपल्या बळावर जमवलं. ते घर मुंबईत गिरगावात होतं. नाटककार आणि संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे. १९२३ मध्ये त्यांनी ‘नवाकाळ’ काढला. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर पुढे त्याच पत्राचे संपादक झाले आणि नीलकंठरावांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, बुद्धिबळ खेळू लागल्या. १९७२ मध्ये रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत झाली होती आणि बुद्धिबळ जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊन बसलं होतं. बातम्यांच्याच घरात वाढणाऱ्या या मुलींपर्यंत ते वारं आलं नसतं तर नवल.

१९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंतीनं जिंकली. त्यानंतरची काही वर्षं हा किताब बहुतेक याच घरात राहिला. जयश्री १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. सर्वांत धाकटी रोहिणी, जन्म १९६३ चा. १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तिनं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. सलग तीनदा हा किताब मिळवणारी ती पहिली, आणि एकूण पाच वेळा तो तिच्याकडे आला.

पण रोहिणीचं नाव इतिहासात राहिलं ते १९७६ मधल्याच दुसऱ्या एका गोष्टीमुळे. ती पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. तिच्याआधी कोणतीच स्त्री तिथे खेळली नव्हती. गदारोळ झाला. तेरा वर्षांची परकरी वयाची मुलगी पुरुषांच्या स्पर्धेत कशी, असा आक्षेप निघाला आणि प्रकरण थेट उच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल तिच्या बाजूनं लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे ‘फिडे’चे, अध्यक्ष तेव्हा मॅक्स यूव होते. हॉलंडचे हे गणितज्ञ १९३५ ते १९३७ या काळात स्वतः जगज्जेते होते. त्यांनी निर्वाळा दिला की, राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, कोणत्याही अजिंक्यपद स्पर्धेची दारं स्त्री आहे म्हणून बंद करता येणार नाहीत.

या निर्वाळ्याचं मोल कळायला दहा वर्षं पुढे जाऊन हंगेरीकडे बघावं. बुडापेस्टच्या सुसान पोल्गारनं १९८६ मध्ये पुरुषांच्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळण्याची पात्रता कमावली होती, तरी तिला खेळू दिलं नाही. तिच्या बापाला, लास्लो पोल्गारांना, त्यासाठी झगडावं लागलं. सुसानची धाकटी बहीण युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा बॉबी फिशरचा विक्रम मोडला, तेव्हा जग पोल्गार भगिनींच्या गोष्टी सांगू लागलं. तीन बहिणी, हट्टी बाप, पुरुषांच्या स्पर्धेत खेळण्याचा आग्रह. हा सगळा संघर्ष गिरगावात एक दशक आधी होऊन गेला होता. जगाच्या बुद्धिबळाच्या इतिहासात खाडिलकर भगिनींना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

रोहिणी १९८१ मध्ये हैदराबादला एकही डाव न हरता आशियाई विजेती झाली आणि १९८३ मध्ये क्वालालंपूरला तिनं तो किताब पुन्हा मिळवला. ऐंशीच्या दशकात पुढची फळी आली. अनुपमा अभ्यंकर, पुढे गोखले, सोळाव्या वर्षी पद्मश्रीची मानकरी ठरली. भाग्यश्री साठे, पुढे ठिपसे, हिला १९८७ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघी पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. सांगलीच्या मंडळाच्या मातीत वाढलेली स्वाती घाटे त्यांच्यामागून राष्ट्रीय विजेती झाली.

एवढं असूनही जागतिक किताब काही हाती येत नव्हता. कारण उघड होतं. आशियात कुणी जिंकलं तरी तिची रशिया, जॉर्जिया, हंगेरीच्या मुलींशी क्वचितच गाठ पडे, तीही ऑलिंपियाडसारख्या सांघिक स्पर्धेत. परदेशी पुस्तकं हाताला लागत नसत, डाव लिहून घेतलेल्या वह्या एकमेकांकडून मागून वाचायच्या. मानांकन मिळवणं तर आणखी अवघड. पूर्वी पुरुषांचं आंतरराष्ट्रीय मानांकन २२०० पासून सुरू होई, त्याखालच्या खेळाडूला यादीत नावच नसे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्यानं खाली येत १००० पर्यंत आली आणि आठ-दहा वर्षांच्या पोरालाही मानांकन मिळू लागलं. भारतात मानांकन स्पर्धांचं पीक आलं ते यामुळे. नियमातला हा छोटासा बदल फारसा कुणी सांगत नाही, पण आजच्या पोरासोरांच्या यशात त्याचा वाटा फार मोठा आहे.

दुसरा धक्का विश्वनाथन आनंदनं दिला. १९८७ मध्ये फिलिपिन्सच्या बागियो शहरात तो ज्युनियर जगज्जेता झाला आणि असा किताब भारतीयाला मिळतो हे पहिल्यांदा दिसलं. मुलींमध्ये ते काम आंध्रच्या कोनेरू हम्पीनं केलं. २००१ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती मुलींची ज्युनियर जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी ती पूर्ण ग्रँडमास्टर झाली आणि सर्वांत लहान वयात ग्रँडमास्टर झालेली स्त्री हा युडिट पोल्गारचा विक्रम तिनं मागे टाकला. ‘महिला ग्रँडमास्टर’ हा वेगळा आणि तुलनेनं सोपा किताब आहे. हम्पीनं घेतला तो पुरुषांच्या तोडीचा.

महाराष्ट्राच्या वाट्याला जागतिक किताब आले ते त्यानंतर. नाशिकचा विदित गुजराथी २००८ मध्ये चौदा वर्षांखालील गटात जगज्जेता झाला. २००९ मध्ये पुण्याची सौम्या स्वामीनाथन अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिनला मुलींची ज्युनियर जगज्जेती झाली. पेरूची देसी कोरी आणि तुर्कस्तानची बेतुल यिल्दिझ तिच्याबरोबरीनं पहिल्या आल्या होत्या, टायब्रेकवर सौम्या सरस ठरली. हीच सौम्या २०१८ मध्ये इराणमधल्या आशियाई सांघिक स्पर्धेतून डोक्यावर सक्तीनं रुमाल बांधायला नकार देऊन बाहेर पडली. पटाबाहेरही तिचा कणा ताठ होता.

आमचा विदर्भ या सगळ्यात मागेच होता. मुंबई, पुणे, सांगली ही बुद्धिबळाची ठाणी, आपल्याकडे मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनातली एक स्पर्धा, की झालं. आमच्या अमरावती विभागातला स्वप्निल धोपाडे ग्रँडमास्टर झाला तेव्हा २०१५ साल चालू होतं. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. आणि त्याच नागपुरात एक मुलगी तोवर दोन जागतिक किताब घेऊन बसली होती.

दिव्या देशमुखचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. आई-वडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायची. दिव्या पाच वर्षांची असताना पटाशी बसली. नागपूरचे राहुल जोशी तिचे पहिले गुरू, २०२० मध्ये त्यांचं अकाली निधन झालं. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला ती दहा वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली, तेव्हा तिला नववंही पुरं झालं नव्हतं. २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील किताब. २०२३ मध्ये अलमातीला आशियाई विजेतेपद.

२०२४ च्या जानेवारीत ती हॉलंडमधल्या विक आन झी इथे टाटा स्टील स्पर्धा खेळली आणि तिथून आल्यावर तिनं समाजमाध्यमावर एक मजकूर लिहिला. आपल्या डावांबद्दल बोलायचं सोडून प्रेक्षक कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात, पुरुष खेळाडूंच्या वाट्याला हे येत नाही, असं तिनं स्पष्ट मांडलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९७६ मध्ये मुलीनं पुरुषांसमोर पटाशी बसावं की नाही यावर वाद झाला होता. आता ती बसली होती, जिंकत होती, तरी नजर पटावर न जाता तिच्यावरच जात होती. मोठमोठ्या खेळाडूंनी जे वर्षानुवर्षं गिळलं ते या पोरीनं बोलून दाखवलं, याचं मला विशेष वाटतं.

उत्तर पटावरही आलं. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगरला अकरापैकी दहा गुण मिळवून ती ज्युनियर जगज्जेती झाली. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकलं. महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे, पुरुष संघात विदित. तिसऱ्या पटावर खेळणाऱ्या दिव्यानं अकरा डावांत साडेनऊ गुण केले आणि वैयक्तिक सुवर्णही घेतलं.

मग आला २०२५ चा जुलै. महिलांचा विश्वचषक जॉर्जियात, काळ्या समुद्राकाठच्या बातुमीत. नोना आणि माया यांच्या देशात. दिव्याला पंधरावं मानांकन होतं, ती जिंकेल असं जाणकारांच्या यादीत कुठे नव्हतं. ही बाद पद्धतीची स्पर्धा: दोन डाव संथ गतीचे, बरोबरी झाली तर जलद डाव, हरला की घरी. चौथ्या फेरीत तिनं दुसरं मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनेरला घरी धाडलं. उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच द्रोणावल्ली हरिकाला टायब्रेकमध्ये. उपांत्य फेरीत समोर आली माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत, दुसरा तब्बल १०१ चालींचा. तासन्‌तास बसून, एक-एक प्यादं सांभाळत, दिव्यानं तो काढला. या डावातच तिची खरी ताकद दिसते. चमकदार हल्ले करणारी मुलगी म्हणून तिची ओळख होती, इथे ती मात्र चिवटपणे टिकून राहिली.

अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. हम्पी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. एक अडतीस वर्षांची, एक एकोणीस. दोघी भारतीय, त्यामुळे चषक भारतात येणार हे ठरलेलंच होतं. २६ आणि २७ जुलैचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. पहिल्या डावात दिव्याच्या हाती चांगली संधी आली होती, ती निसटली. २८ जुलैला टायब्रेक. प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि दर चालीमागे दहा सेकंदांची भर. इथे पारडं हम्पीकडे झुकलेलं होतं, कारण सातच महिने आधी न्यूयॉर्कला ती जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली होती. पहिला जलद डाव पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डाव लांबला, घड्याळ आटत गेलं आणि वेळेच्या त्या ताणात अखेरच्या टप्प्यात हम्पीकडून चूक झाली. दिव्याच्याही हातून एक-दोन संधी गेल्या होत्या, पण तिनं पकड सोडली नाही. अडीच विरुद्ध दीड. हम्पीनं डाव सोडला, दिव्या उठली आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विश्वचषक म्हणजे महिलांचं जगज्जेतेपद नव्हे, ते चीनच्या जू वेन्जुनकडे होतं. विश्वचषकानं मिळाली ती २०२६ च्या कँडिडेट्स स्पर्धेतली जागा, म्हणजे जगज्जेतीला आव्हान देण्याच्या वाटेवरची पायरी. पण या विजयानं आणखी एक दिलं. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या, पुरे करावे लागतात, दिव्याकडे एकही नव्हता. विश्वचषक विजेतीला हा किताब थेट मिळतो, त्या नियमानं ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. महिलांमध्ये चौथी, हम्पी, हरिका आणि आर. वैशालीनंतर. पन्नास हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. नागपूरला विमानतळावर गर्दी लोटली, राज्य सरकारनं तीन कोटी रुपये देऊन तिचा गौरव केला.

सत्काराचा आनंद आम्हालाही झाला. पण वाशिम जिल्ह्यातल्या रिठद गावात राहून या गोष्टीकडे बघताना हिशेब वेगळा दिसतो. रिठद ते नागपूर अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त. मानांकन स्पर्धा तीन-चार दिवस चालते. दहा वर्षांच्या मुलीबरोबर आईनं किंवा बापानं जायचं, म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी किंवा शेतीचं काम बुडवायचं, वर राहण्याचा, जेवणाचा, प्रवेश फीचा खर्च. वर्षाला अशा दहा स्पर्धा झाल्याशिवाय मानांकन हलत नाही. खाडिलकरांकडे वर्तमानपत्र होतं, देशमुखांकडे डॉक्टरकी. दोन्ही घरांनी पैशाइतकाच जीव ओतला, त्याचं श्रेय त्यांना पुरेपूर आहे. पण जॉर्जियात जे काम शाळेनं आणि सरकारनं केलं ते आपल्याकडे अजून आई-बापच करतात. मोबाइलमुळे अर्धं अंतर तुटलंय हेही खरं. आज रिसोड तालुक्यातली मुलगी रात्री नवाला ब्राझीलच्या मुलाशी डाव लावू शकते, कोणताही जुना डाव फुकट बघू शकते. समोर बसून चूक दाखवणारा गुरू मात्र मोबाइलमधून मिळत नाही. तीन कोटींच्या सत्काराबरोबर वाशिमसारख्या प्रत्येक जिल्ह्यात एक पगारी प्रशिक्षक नेमला असता, तर पुढच्या दहा वर्षांत त्याची फळं दिसली असती.

बातुमीनंतर दिव्या थांबली नाही. सप्टेंबरमध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत महिलांचा गट सोडून ती खुल्या गटात खेळली. नोव्हेंबरमध्ये खुला विश्वचषक गोव्यात झाला, तिथेही तिला खास प्रवेश मिळाला. पहिल्याच फेरीत ग्रीसचा ग्रँडमास्टर स्तामातिस कूरकूलोस-आर्दितिस समोर आला आणि ती दोन्ही डाव हरली. बातम्यांत चर्चा झाली ती तिच्या सुरुवातीच्या चालींची आणि घड्याळाची. मुलगी असून ती तिथे कशी, असा वाद मात्र १९७६ सारखा झाला नाही.